आयएसएमबी ५०० ला साइटवर ‘फुल स्ट्रेंग्थ’ स्प्लाइस: बोल्ट किती, प्लेट किती, आणि तो खरंच हवा का?

शेड_डिटेलर

चाकण एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये मेझनाईनचं काम आहे. बीम आयएसएमबी ५०० (५०० मिमी खोलीचा, आय-आकाराचा भारतीय मानक सेक्शन), स्टील ई-२५० (यील्ड २५० मेगापास्कल). ९-९ मीटरचे दोन गाळे, मधल्या कॉलमवरून बीम सलग. एकूण १८ मीटर. बाजारात लांबी ११-१२ मीटरच मिळते आणि ट्रेलरही ४० फुटी, त्यामुळे एक जोड साइटवर पडणारच. ड्रॉइंगमध्ये तो मधल्या कॉलमपासून २.२५ मीटरवर दाखवलाय, म्हणजे तुकडे ११.२५ आणि ६.७५ मीटरचे. टीप एवढीच: ‘फुल स्ट्रेंग्थ स्प्लाइस, डिटेल फॅब्रिकेटरने द्यावा’, म्हणजे जोड मूळ बीमइतकाच ताकदीचा हवा.

फॅक्टर्ड (सुरक्षा-गुणक लावलेला) लोड: डेड १४ आणि लाइव्ह २२ किलोन्यूटन प्रति मीटर. वर डेक शीट आणि काँक्रीट.

आयएस ८०० (स्टील बांधकामाचा भारतीय कोड) च्या अनेक्स-एफमध्ये म्हटल्याप्रमाणे सगळा मोमेंट फ्लँज (वरची-खालची आडवी पट्टी) प्लेटवर आणि शिअर वेब (मधली उभी पट्टी) प्लेटवर टाकून पाहिलं. सेक्शनची पूर्ण मोमेंट क्षमता ४७१ किलोन्यूटन-मीटर. भागिले ०.४८३ मीटर, म्हणजे फ्लँजमध्ये ९७७ किलोन्यूटन. एम-२०, ८.८ ग्रेड, एका बाजूला १२ बोल्ट आणि २५ मिमी प्लेट. पण १७.२ मिमीच्या फ्लँजला २५ ची प्लेट हे गणितच विचित्र वाटतंय. कुठे चुकतंय?

शिवाय आयएसएमबीचा फ्लँज आतून उतरता. आतल्या बाजूने प्लेट लावून डबल शिअर घेता येईल का? फॅब्रिकेटर म्हणतो, ‘कशाला बोल्ट, बट वेल्ड मारून टाकू.’

---

लोड_पाथ

गुणाकार-भागाकार बरोबर आहे, गृहीतक इथे लागू होत नाही. १८० × १७.२ चा फ्लँज यील्डला जास्तीत जास्त ७०४ किलोन्यूटन घेतो (३०९६ चौ. मिमी × २५० / १.१). तुम्ही त्याच्याकडून ९७७ मागताय. प्लेट २५ ची लावा नाहीतर ४० ची, बोल्टच्या पहिल्या रांगेच्या पलीकडे बीमचा तोच १७.२ चा फ्लँज आहे. दोन्ही फ्लँज मिळून ७०४ × ०.४८३ = ३४० किलोन्यूटन-मीटर देतात. उरलेले १३२, म्हणजे एकूण क्षमतेच्या सुमारे २८ टक्के, वेबकडे आहेत आणि ते वेबच्याच प्लेटमधून पलीकडे गेले पाहिजेत. अनेक्स-एफची सवलत कमाल मोमेंटपासून लांब असलेल्या जोडासाठी आहे. तिथे मोमेंट ३४० च्या आत असतो, म्हणून ती चालून जाते.

आता टीप शब्दशः पाळायची तर काय होतं ते पाहा.

फ्लँजपासून सुरुवात. एम-२०, ८.८, थ्रेड शिअर प्लेनमध्ये धरून सिंगल शिअरला ९०.५ किलोन्यूटन. ७०४ भागिले ९०.५, म्हणजे ८ बोल्ट, दोन रांगांत चार-चार. गेज (दोन रांगांमधलं अंतर) १००, पिच (रांगेतल्या बोल्टमधलं अंतर) ६०, कडा ४०. या मापांना १७.२ च्या फ्लँजमध्ये बेअरिंग (भोकाच्या कडेवर बोल्टच्या दाबाची क्षमता) १७१ येतं, ती अडचण नाही. प्लेट १८० रुंद: १८ मिमी जेमतेम पुरते, २० घ्या. मात्र २० मिमीपासून ई-२५० ची यील्ड २५० नव्हे, २४० धरायची. हे एक्सेलमध्ये हमखास निसटतं.

पण एक गोम आहे. एम-२० साठी २२ ची दोन भोकं पाडल्यावर फ्लँजचा नेट भाग ७५.६ टक्के उरतो. कलम ८.२.१.४ प्रमाणे ई-२५० साठी भोकांकडे दुर्लक्ष करायला ७७ टक्के लागतात. म्हणजे ताणातला फ्लँज ७०४ ऐवजी ६९० वर येतो. फरक दोन टक्क्यांचा, पण बोल्ट लावलेला बीम जोडापाशी मूळ बीमइतका राहिला नाही, आणि प्लेट जाड करून तो परत येत नाही. एम-२४ घेतला तर ६५० पर्यंत घसरतो. एम-१६ घेतला तर भोकं चालतात (८० टक्के नेट), पण बोल्ट ८ चे १४ होतात.

खरी रड वेबची. ४०० खोलीची प्लेट, दोन्ही बाजूंनी, ६४ पिचने सहा रांगा. पूर्ण मोमेंटबरोबर पूर्ण शिअर धरायचं कारण नाही, कारण शिअर क्षमतेच्या ०.६ च्या वर गेलं की कोडच मोमेंट कमी करतो. शिअर क्षमता ६६९, तिचे ०.६ म्हणजे ४०१. बीमच्या टोकांमध्ये १० मिमी फट, टोकापासून पहिलं भोक ५० वर, स्तंभांमध्ये ७० अंतर. बोल्ट डबल शिअरला १८१ घेतो, पण १०.२ च्या वेबमध्ये बेअरिंग १२० वरच अडतं, तेव्हा मर्यादा १२० ची.

दोन उभे स्तंभ, १२ बोल्ट: कोपऱ्यातल्या बोल्टवर १८४. नापास. तीन स्तंभ, १८ बोल्ट: १२७. अजूनही नापास. चार स्तंभ, २४ बोल्ट: ९७. पास. इथे बोल्ट वाढले की गटाचा मध्य जोडापासून लांब जातो आणि शिअरचा एक्सेंट्रिक मोमेंटही वाढतो (चार स्तंभांना ४०१ × ०.१६ = ६४ किलोन्यूटन-मीटर). म्हणून दोनाचे चार केले तरी ताण अर्धा होत नाही. वेब प्लेट १० मिमीच्या दोन लावल्या तर पहिल्या भोकांच्या रेषेवर कमी पडतात, भोकं वजा केली की १२ सुद्धा काठावर. १४ च्या घ्याव्या लागतील.

बेरीज: फ्लँजला ३२, वेबला ४८, एका जोडाला ८० बोल्ट. आणि तरीही ताणाच्या फ्लँजमध्ये ते दोन टक्के कमीच.

म्हणून पहिला प्रश्न कन्सल्टंटला विचारा: जागा कोणती आहे? दोन समान गाळे, सलग बीम, सगळीकडे सारखा लोड, तर मधल्या आधारापासून ०.२५ लांबीवर मोमेंट शून्य. तुमचे २.२५ मीटर म्हणजे नेमकी तीच जागा. ज्याने ती निवडली त्याला हे माहीत होतं. टीप मात्र टेम्प्लेटमधून आलेली दिसतेय.

शून्य म्हणून सोडून द्यायचं नाही. लाइव्ह लोड एकाच गाळ्यावर असला की शून्यबिंदू सरकतो. जोडाच्या गाळ्यावर लोड असेल तर तिथे ८३.५ चा सॅगिंग (खालचा फ्लँज ताणात), पलीकडच्या गाळ्यावर असेल तर तेवढाच हॉगिंग (वरचा फ्लँज ताणात). म्हणजे दोन्ही फ्लँज प्लेटना ताणासाठी तपासायचं, फक्त खालच्या नाही. शिअर सर्वांत जास्त पूर्ण लोडला: १२२ किलोन्यूटन.

८३.५ हे क्षमतेच्या १८ टक्केच. आयएस ८०० चं कलम १०.७ म्हणतं की वाकणाऱ्या मेंबरचा स्प्लाइस किमान ०.३ क्षमतेचा हवा. ०.३ × ४७१.५ = १४१.५. डिझाइन याच आकड्यावर:

फ्लँज बळ १४१.५ / ०.४८३ = २९३ किलोन्यूटन. शिअरला ४ बोल्ट पुरतात, घसरणीसाठी ६ घ्या (कारण खाली कोणीतरी सांगेलच). प्लेट १८० × १०, लांबी ४१०. वेबला दोन्ही बाजूंनी ३५० × १८० × ८, एका स्तंभात ४ बोल्ट, पिच ९०. फक्त शिअर धरला तरी एक्सेंट्रिसिटी सोडू नका: १२२ × ०.०५ = ६.१. टोकाच्या बोल्टवर ३७ येतात, बेअरिंग ११४. आरामात. जोडाला एकूण ३२ बोल्ट.

८० आणि ३२ हा फरक कन्सल्टंटला लेखी दाखवा, मोमेंट एन्व्हलपसकट (सगळ्या लोडच्या मांडण्यांतल्या कमाल मोमेंटचा आलेख). अट एकच: हा बीम भूकंपाचं बळ घेणाऱ्या मोमेंट फ्रेमचा भाग नसावा. असेल तर हा हिशोब बाजूला ठेवा, तिथले नियम वेगळे.

आतल्या प्लेटबद्दल: आयएसएमबीला नको. फ्लँजचा आतला चेहरा ८ अंशांनी उतरता आहे, सपाट प्लेट एका कडेवरच टेकते. बाहेरून एकच प्लेट, सिंगल शिअर, आणि आतल्या बाजूला प्रत्येक बोल्टखाली ८ अंशांचा टेपर वॉशर. डबल शिअर हवाच असेल तर पॅरलल फ्लँजचा एनपीबी सेक्शन घ्या.

---

शेड_डिटेलर

मनापासून आभार. कन्सल्टंटला एन्व्हलप पाठवतो. दोन शंका. एक, ६ बोल्ट घसरणीसाठी म्हणालात, तर साधे ४.६ चे बोल्ट घालून बेअरिंगवर सोडलं तर काय बिघडतं? दोन, वरच्या फ्लँजवर प्लेट आणि बोल्टची डोकी आली की डेक शीट बसणार कशी?

---

पान्हा_नंबर_३२

पहिली शंका. २२ च्या भोकात २० चा बोल्ट. बोल्ट भोकाच्या मध्यात धरला तरी प्रत्येक बाजूला १ मिमी सरकायला जागा, म्हणजे एका फ्लँजला जोडावर २ मिमी, वरखाली मिळून ४. ५०० खोलीवर तो ०.००८ रेडियनचा मोड झाला. ९ मीटरच्या साध्या बीममध्ये २.२५ वर असा मोड आला तर तेवढ्यानेच १३-१४ मिमी उतार. तुमचा बीम सलग आहे, तिथे उतार कमी दिसेल, पण मोमेंट गाळ्याकडून मधल्या आधाराकडे सरकेल. शिवाय तुमच्या जोडावर मोमेंट उलटसुलट होतो, म्हणजे फोर्कलिफ्ट इकडून तिकडे गेली की खट्ट. म्हणून एचएसएफजी (हाय स्ट्रेंग्थ फ्रिक्शन ग्रिप), म्हणजे आवळून घर्षणावर धरणारा, सर्व्हिस लोडला (गुणक न लावलेल्या, रोजच्या लोडला) घसरू न देणारा बोल्ट.

आता घसरणीचे आकडे, कारण बोल्टची संख्या इथेच ठरते. एम-२० चं प्रीलोड (आवळून बोल्टमध्ये आणलेला ताण) १३७ किलोन्यूटन. सर्व्हिस लोडसाठी गॅमा (सुरक्षा-गुणक) १.१. एका घर्षण-पृष्ठावर:

ब्लास्ट केलेलं, सुटा गंज नाही, म्यू (घर्षण-गुणांक) ०.५०: ६२ किलोन्यूटन.
स्वच्छ मिल स्केल (रोलिंगच्या वेळची काळी पपडी), ०.३३: ४१.
काहीच केलेलं नाही, ०.२०: २५.
रेड लेड किंवा हॉट डिप गॅल्व्हनाइझ्ड, ०.१०: १२.५.

२९३ चे सर्व्हिसला (१.५ ने भागून) १९५. ब्लास्ट केलं तर ४ बोल्ट, मिल स्केलवर ६, काहीच न करता ८, आणि रंगावर १६. लोड_पाथ यांनी ६ सांगितले ते मिल स्केल धरून, आणि ते शहाणपणाचं आहे, कारण छोट्या फॅब्रिकेटरकडे ब्लास्टिंग असेलच असं नाही.

आता नेहमी होतं काय: ड्रॉइंगमध्ये म्यू ०.५ धरलेला, आणि शॉपमध्ये पेंटर संपूर्ण बीमला रेड ऑक्साइड मारून मोकळा. प्लेटलाही मारतो, दोन्ही बाजूंनी. साइटवर आलेला जोड घासून साफ करायला कोणालाच वेळ नसतो. उपाय शॉप ड्रॉइंगमध्येच: बीमच्या टोकांपासून २५० मिमी आणि प्लेटच्या आतल्या चेहऱ्यावर ‘रंग नाही’ असा हॅच करा, आणि शॉपमध्ये तेवढ्या भागाला मास्किंग टेप. जोड आवळल्यावर बाहेरून, कडांसकट, रंग मारून बंद करायचा म्हणजे आत पाणी जात नाही. ब्लास्ट केलेल्या भागावर हलका तांबूस गंज आला तर घाबरू नका, कोडच्या कोष्टकात त्याला ०.५२ आहे. पापुद्रे निघत असतील तर वायर ब्रश. पॉवर ब्रशने चकचकीत पॉलिश मात्र करू नका, घर्षण उलट कमी होतं.

भोकं शॉपमध्ये, प्लेट आणि बीम एकत्र क्लॅम्प करून ड्रिल करा. मग प्लेटवर आणि बीमवर पंचने नंबर आणि बाण: डावी-उजवी, वर-खाली. प्लेट उलटी लागली की सहापैकी चार भोकं जुळतात आणि दोन २ मिमीने हुकतात, आणि मग साइटवर गॅस कटर बाहेर येतो. गॅसने भोक मोठं केलं की ते ना गोल ना गुळगुळीत, वॉशर अर्धा हवेत, कड कडक झालेली. ते भोक बाद समजा. ड्रिफ्टने जुळत नसेल तर रीमर मारा आणि पुढच्या मापाचा बोल्ट घाला, पण नेट सेक्शन पुन्हा तपासून. फ्लँजमध्ये आधीच ७५ टक्क्यांवर आहात. ०.३ च्या डिझाइनला ते चालून जाईल, ८० बोल्टवाल्याला नाही.

सामान एकाच सेटचं: बोल्ट आयएस ३७५७, नट आयएस ६६२३, वॉशर आयएस ६६४९ चे हार्डन केलेले. टेपर वॉशरही हार्डनच. साधे माइल्ड स्टीलचे टेपर वॉशर आवळताना चेपतात आणि प्रीलोड हळूहळू निघून जातो. टेपर वॉशरचा जाड भाग फ्लँजच्या टोकाकडे, पातळ वेबकडे. उलटा बसवला तर उतार ८ चा १६ होतो आणि बोल्ट वाकून ताणला जातो. हे खालून मान वर करून डोळ्याने दिसतं, तरी निम्म्या वेळा कोणी बघत नाही. नट सपाट बाजूला ठेवा आणि पान्हा नटवरच चालवा. टेपरच्या बाजूला डोकं, तिथे एकाने धरून ठेवायचं.

आवळण्याचा क्रम: आधी सगळे हाताने. मग साध्या पान्ह्यावर एका माणसाच्या पूर्ण जोराने, गटाच्या मध्यापासून बाहेर. प्लेट सगळीकडे टेकली का ते पातळ फीलर घालून बघा. मग मार्करने नट, बोल्टचं टोक आणि प्लेटवर एक रेघ, आणि ठरलेला फेरा. लांबी व्यासाच्या चौपटीपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे एक तृतीयांश फेरा, तुमचे ६०-७० मिमीचे बोल्ट त्यातच बसतात.

फक्त टॉर्कवर विसंबू नका. १३७ चं प्रीलोड आणायला तेल लावलेल्या, स्वच्छ थ्रेडला साधारण ३६० न्यूटन-मीटर लागतील, कोरड्या गंजक्याला ५५०. एकच ‘टॉर्क चार्ट’ घेऊन फिरलात तर पावसात पडलेल्या गोणीतले बोल्ट जेमतेम दोन तृतीयांश ताणावर राहतील आणि रेंच ‘क्लिक’ म्हणून खूश. टॉर्कच वापरायचा असेल तर त्या लॉटचे तीन बोल्ट साइटवर टेन्शन मीटरवर लावून त्या दिवसाचा टॉर्क ठरवा. एकदा पूर्ण आवळून सोडलेला बोल्ट पुन्हा वापरू नका.

डेक शीटचं: १० ची प्लेट, वर बोल्टचं डोकं आणि वॉशर मिळून साधारण २५-२८ मिमी उंचवटा. शीट तिथे कापून दोन्ही बाजूंनी टेकवा, फटीवर २ मिमी पत्र्याची टोपी, नाहीतर काँक्रीटचं पाणी खाली गळतं. ‘वर नट नको, डोकी वर आणि नट खाली’ असं वाटेल, पण खाली टेपर वॉशर आहे आणि मघाशी सांगितलं तसं नट सपाट बाजूला बरा. इथे दोन्ही साधत नाही. मी नट वरच ठेवेन आणि टोपी थोडी उंच करेन, कारण आवळणं नीट होणं जास्त महत्त्वाचं. शिअर स्टड असतील तर त्या ४१० मिमीत ते येणार नाहीत. तेवढे आजूबाजूच्या खोबणींत सरकवायला कन्सल्टंटला आधीच सांगा.

---

बेव्हल_ग्राइंडर

वेल्डिंगला कोणी वाली नाही म्हणून लिहितोय. खऱ्या अर्थाने फुल स्ट्रेंग्थ हवी असेल, म्हणजे जोड कमाल मोमेंटच्या जागी पडत असेल, तर पूर्ण पेनेट्रेशनचा बट वेल्ड हाच सरळ रस्ता. भोकं नाहीत, त्यामुळे नेट सेक्शन नाही. पण ‘मारून टाकू’ म्हणण्याइतकं ते सोपं नाही.

फ्लँजला वरून सिंगल व्ही, खाली बॅकिंग स्ट्रिप, रूट गॅप साधारण ६ मिमी, एकूण कोन ४५ अंश. बॅकिंग स्ट्रिप सलग जावी म्हणून वेबला रॅट होल (फ्लँजलगत वेबमध्ये कापलेली खाच), गुळगुळीत, गोलाई दिलेला, ग्राइंडर फिरवलेला. गॅसने खरवडलेला रॅट होल म्हणजे क्रॅकला आमंत्रण. आयएसएमबीत इथेही उतार आडवा येतो: फ्लँजखाली सपाट स्ट्रिप बसत नाही, मध्ये फट राहते आणि रूट गळतो. स्ट्रिप उताराला घासून घ्या किंवा सिरॅमिक बॅकिंग वापरा. खालच्या फ्लँजचा व्ही सुद्धा वरूनच उघडा ठेवा. वेब मध्ये असल्याने वेल्डरला दोन्ही बाजूंनी रॅट होलपर्यंत येऊन थांबावं लागतं, आणि थांबण्याची ती जागाच सर्वांत कच्ची राहते. थांबे एकाखाली एक येऊ देऊ नका. दोन्ही टोकांना रन-ऑन, रन-ऑफ तुकडे, नंतर कापून घासायचे.

क्रम: वेबला इरेक्शन बोल्ट आणि क्लीट लावून बीम सरळ करा. मग वरचा फ्लँज दोन-तीन रन, खालचा दोन-तीन रन, आलटून पालटून. वेब शेवटी. एकच फ्लँज एका दमात भरला तर बीम त्या बाजूला ओढला जातो. प्रत्येक जोडाला २-३ मिमी आकुंचन धरून तुकड्यांची लांबी ठरवा, नाहीतर टोकाच्या कॉलमची भोकं जुळणार नाहीत.

ई-७०१८ रॉड भट्टीतून काढलेला, साइटवर हॉट बॉक्समध्ये. उघड्या पाकिटातला रॉड पावसाळी हवेत ओला होतो, पोरॉसिटी आणि हायड्रोजन क्रॅक तिथून. वेल्डर आयएस ७३१० प्रमाणे तपासलेला, प्रोसिजर आयएस ७३०७ प्रमाणे मंजूर, आणि फ्लँजचं १०० टक्के अल्ट्रासॉनिक. ताणातल्या बट वेल्डला नुसता डाय पेनेट्रंट करून पास म्हणणं म्हणजे वरचा रंग बघून आंबा घेणं: आतला लॅक ऑफ फ्यूजन त्यात दिसत नाही.

मधला रस्ता काही जण घेतात: फ्लँजवर कव्हर प्लेट फिलेट वेल्डने. करता येतो, पण साइट वेल्डला आयएस ८०० गॅमा १.५ देतं, शॉपला १.२५. ८ मिमी फिलेट साइटवर मिमीला ०.८८ किलोन्यूटन, म्हणजे ७०४ साठी जोडाच्या प्रत्येक बाजूला ८०० मिमी वेल्ड. वरची प्लेट फ्लँजपेक्षा अरुंद (१५० × २२), खालची फ्लँजपेक्षा रुंद (२२०) ठेवा, म्हणजे दोन्ही ठिकाणी वेल्डर वरून खाली बघत काम करतो, ओव्हरहेड पूर्ण टळतं. खालच्या प्लेटला मात्र वेल्ड आयएसएमबीच्या गोल टोकाला येतो. तिथे फिलेटचं माप टोकाच्या जाडीच्या तीन चतुर्थांशापेक्षा जास्त नको. टोक साधारण ११ मिमीचं, म्हणजे ८ हेच कमाल. आणि वेबचे १३२ इथेही वेगळे न्यायचे आहेत. फक्त फ्लँजला पट्ट्या मारून फुल स्ट्रेंग्थ म्हणता येणार नाही.

तुमच्या केसमध्ये, ०.३ चं डिझाइन मान्य झालं तर, मीसुद्धा बोल्टच म्हणेन. ३२ बोल्ट दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम, आणि वेल्डिंगला जनरेटर, पडदे, टेस्टिंगवाला, सगळं आलं.

---

शेड_डिटेलर

कन्सल्टंटने एन्व्हलप पाहून ०.३ मान्य केलं, पण म्हणाले ०.४ धरा. चालेल, ६ बोल्ट तसेच ठेवतो. शेवटची शंका: दोन तुकडे वेगवेगळ्या मिलचे आलेत. खोली एकाची ४९९, दुसऱ्याची ५०२. प्लेट बसेल का?

---

लोड_पाथ

०.४ म्हणजे १८८.६, फ्लँज बळ ३९० किलोन्यूटन. शिअरला ५ लागतात, ६ आहेत. घसरणीला सर्व्हिसला २६०: मिल स्केलवर ४१ ने ७ येतात, म्हणजे ६ अपुरे. एकतर ८ करा, नाहीतर ब्लास्ट करून ६ ठेवा (५ लागतात). प्लेट १० मिमी नेट सेक्शनला ४०१ देते, पास आहे पण काठावर. १२ करा. ८ बोल्ट केलेत तर लांबी ५३० होईल.

खोलीचा फरक: वरचा फ्लँज एका पातळीत धरा, डेक तिथे बसतं. ३ मिमी सगळा खाली जाऊ द्या आणि ४९९ च्या बाजूला खालच्या प्लेटमध्ये ३ मिमीचं पॅकिंग, प्लेटच्या पूर्ण रुंदीचं, त्याच भोकांसह. ६ मिमीपर्यंतच्या पॅकिंगला बोल्टची शिअर क्षमता कमी करावी लागत नाही. त्यावर गेलं तर दर मिमीला १.२५ टक्के वजा, ८ मिमीच्या पॅकिंगला १० टक्के. पॅकिंगच्या दोन्ही चेहऱ्यांनाही रंग नको, घर्षण तिथूनच जातं. वेबच्या जाडीतही फरक असेल, तो मोजून घ्या. १ मिमीपर्यंत बोल्ट आवळताना ८ ची प्लेट जुळवून घेते.

उभारताना ११.२५ चा तुकडा आधी, तो दोन कॉलमवर स्वतः उभा राहतो आणि २.२५ मीटर बाहेर लोंबतो. मग ६.७५ चा. त्याचं एक टोक कॉलमवर आणि दुसरं जोडावर, म्हणून वेबचे सगळे बोल्ट आणि प्रत्येक फ्लँजला निदान निम्मे आवळल्याशिवाय क्रेनचा हुक सोडू नका.

---

पान्हा_नंबर_३२

आणि ५०२ वाल्या तुकड्याची फ्लँजची भोकं ड्रिल करायच्या आधी फ्लँज वेबशी काटकोनात आहे का गुण्याने बघून घ्या. फ्लँज तिरका असेल तर प्लेट एका कडेला २ मिमी उघडी राहते, बोल्टचा अर्धा ताण ती फट मिटवण्यातच जातो, आणि पॅकिंग कितीही बरोबर असलं तरी घर्षण कागदावरच राहतं. शॉपमध्ये असतानाच तो भाग गरम करून किंवा जॅकने सरळ करता येतो. वर चढल्यावर नाही.